स्नेप चांगला होता का, नेव्हिलने त्याचं काय वाकडं केलं होतं, आणि नकाशावर पीटर का दिसला नाही

तुमच्या घरातलं भांडण वाचून हसू आलं हो, कारण हेच भांडण मी दर वर्षी शाळा सुरू झाली की नव्याने ऐकते. तुम्ही लिहिलंय की १३ वर्षांच्या लेकीने हॅरी पॉटरची सातही पुस्तकं संपवली, तिच्या चुलतभावाने फक्त सिनेमे बघितलेत, आणि आता जेवायला बसलं की सुरू. जादूच्या शाळेतला, हॉगवर्ट्समधला मास्तर स्नेप हिरो की व्हिलन. हॅरीच्या वर्गातल्या घाबरट नेव्हिलवर तो एवढा का डाफरतो. हॅरीची आई लिली मेली तर हॅरीला संरक्षण मिळालं, मग वडील जेम्स मेले त्याचं काहीच नाही का. हॅरीची मैत्रीण हर्मायनी एवढी हुशार तर रेव्हनक्लॉ या हुशारांच्या घरात (शाळेच्या चार गटांपैकी एकात) का नाही. रॉनच्या जुळ्या भावांना, फ्रेड-जॉर्जला, जादूच्या नकाशावर पॉटरांना दगा देणारा पीटर पेटिग्रू का नाही दिसला. आणि शेवटी हॅरीने पोराला स्नेपचं नाव का दिलं.

मी १७ वर्षं शाळेच्या लायब्ररीत आहे, शनिवारी सहावी ते नववीच्या मुलांचा वाचनगट घेते, त्यामुळे यातली बरीचशी उत्तरं माझी नाहीतच, पोरांनी एकमेकांशी भांडून भांडून काढलेली आहेत, मी फक्त खडू पुरवलाय.

सगळ्यात आधी दादाला एक वजाबाकी करायला लावा. सातव्या पुस्तकात हॅरी आणि हर्मायनी गॉड्रिक्स हॉलोच्या दफनभूमीत जातात, तिथे आईवडिलांच्या थडग्यावर तारखा कोरलेल्या आहेत. जेम्स २७ मार्च १९६०, लिली ३० जानेवारी १९६०, दोघांचा मृत्यू ३१ ऑक्टोबर १९८१. म्हणजे २१ वर्षांची पोरं होती ती! आमच्याकडे फळ्यावर हे मांडलं तेव्हा मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, मॅडम माझा दादा २१ चा आहे, त्याला अजून सिलिंडरचा रेग्युलेटर लावता येत नाही. सगळे हसले आणि मग एकदम गप्प झाले. स्नेप त्यांच्याच वर्गातला, म्हणजे तोही तेवढाच. पहिल्या पुस्तकात हॅरीला भर वर्गात बेझोआर कुठे सापडतो म्हणून धारेवर धरणारा मास्तर ३१ वर्षांचा आहे. सिनेमात ॲलन रिकमन होते, पहिला सिनेमा आला तेव्हा ५५ चे, आणि त्यांनी काम इतकं भारी केलं की आपल्या डोक्यात स्नेप म्हणजे आयुष्य बघितलेला, भारदस्त माणूस असंच बसलं. लिली-जेम्सही सिनेमात चांगले प्रौढ दिसतात. पुस्तकात मात्र ही सगळी कॉलेजच्या वयाची मंडळी आहेत आणि त्यांनी केलेल्या चुकांची भरपाई पुढची १७ वर्षं दुसरंच कोणीतरी करतंय. हे एकदा डोक्यात गेलं की निम्मे प्रश्न आपोआप सरळ होतात.

आता लिली-जेम्सचा प्रश्न, हा लेकीने फार चांगला विचारलाय. दोघंही हॅरीसाठीच मेले, मग फरक काय. फरक एवढाच की लिलीला बाजूला व्हायची संधी दिली होती. हॅरीला मारायला आलेला मुख्य खलनायक वोल्डेमॉर्ट तिला परत परत सांगतो की बाजूला हो, तुला मरायची गरज नाही, आणि ती हलत नाही. जेम्सला असं कोणी विचारलंच नाही. तो कांडी सोफ्यावर टाकून बसला होता, मोकळ्या हातानेच दाराकडे धावला, लिलीला ओरडला की हॅरीला घेऊन पळ, आणि गेला. तोही तितकाच शूर, पण त्याच्यापुढे दुसरा रस्ताच ठेवला नव्हता, वोल्डेमॉर्ट त्याला मारणारच होता. जगायची मुभा असताना मरण पत्करलं, जुनी जादू चालली ती त्याने.

आणि लिलीला ती मुभा का मिळाली? कारण स्नेपने मागितली होती! इथेच स्नेपचं प्रकरण सुरू होतं आणि इथेच बहुतेक लोक घाई करतात. क्रम नीट बघा. वोल्डेमॉर्टला हरवू शकणारं मूल येतंय ही भविष्यवाणी अर्धी ऐकून मालकाला, म्हणजे वोल्डेमॉर्टला, जाऊन सांगणारा स्नेपच, तेव्हा तो त्याच्याच टोळीत होता. मग मालकाने तिचा अर्थ पॉटरांच्या बाळाशी लावला हे कळल्यावर हा हादरला, आणि आधी वोल्डेमॉर्टकडेच गेला, की लिलीला तेवढी सोडा. नवरा आणि बाळ मेलं तर मेलं. मग भरवसा वाटेना म्हणून शाळेचे हेडमास्तर डम्बलडोर यांच्याकडे आला. डम्बलडोर त्याला तोंडावर सांगतात की मला तुझी किळस येते. एवढं स्पष्ट दुसऱ्या कोणाला ते क्वचितच बोलले असतील. तेव्हा कुठे तो म्हणतो की बरं, सगळ्यांनाच लपवा. म्हणजे ज्या संरक्षणामुळे पुढे सगळं जग वाचलं त्याच्या मुळाशी एका २०-२१ वर्षांच्या पोराचा स्वार्थी हट्ट आहे. हे असलं काही लिहायला डेरिंग लागतं, मी दर वेळी या जागी थांबते.

दादाचं म्हणणं असेल की ते शेवटचं हरिणीचं पॅट्रोनस, म्हणजे लिलीसारखाच त्याचा जादूचा रक्षक प्राणी, ते 'ऑल्वेज', म्हणजे कायम लिलीच, बस, संपला विषय, खरं प्रेम. मुलीचं म्हणणं असेल की हा नुसता चिकटपणा आहे, नाही म्हटलेलं कळत नाही त्याला. मला विचाराल तर दोघांचीही नजर चुकीच्या पानावर आहे. त्याच तेहतिसाव्या प्रकरणात एक बारीकशी जागा आहे, सिनेमात ती आलेलीच नाही. स्नेप हेडमास्तर झालाय, भिंतीवरच्या चित्रातला फिनिअस नायजेलस त्याला खबर द्यायला येतो आणि हर्मायनीचा उल्लेख करताना 'मडब्लड' म्हणतो. स्नेप त्याला तिथल्या तिथे तोडतो, की तो शब्द वापरू नकोस. खोलीत भिंतीवरच्या चित्रांशिवाय कोणी नाही, कोणाला दाखवायचं नाही, काही मिळवायचं नाही.

हा तोच शब्द जो त्याने पंधरा-सोळाव्या वर्षी लिलीला वापरला होता. जादूगार नसलेल्या आईबापाच्या पोटी जन्मलेल्यांना देतात ती शिवी, आपल्याकडे जातीवरून देतात त्याच जातकुळीतली, त्यामुळे आमच्या पोरांना हिचा अर्थ वेगळा समजवावा लागत नाही. पाचव्या पुस्तकाच्या अठ्ठाविसाव्या प्रकरणात जेम्स त्याला सगळ्यांसमोर उलटा लटकवतो, लिली मध्ये पडते, आणि अपमानाने पेटलेला हा तिलाच ती शिवी हासडतो. नंतर माफी मागायला जातो तेव्हा ती जे बोलते ते नीट वाचा. तिचा मुद्दा असा, की माझ्यासारख्या जन्माच्या सगळ्यांनाच तू हे म्हणतोस, मग मीच वेगळी कशी? म्हणजे मैत्री एका शब्दाने तुटली नाही, त्याच्या कंपूमुळे तुटली, शब्द फक्त निमित्त. आणि त्या दिवसापासून ते हेडमास्तरच्या खुर्चीपर्यंत वीसेक वर्षं लागली त्याला त्या शब्दाची घाण यायला. पण आली. असंच दुसरं एक, डम्बलडोर त्याला विचारतात की किती माणसं मरताना पाहिलीस, तर तो म्हणतो अलीकडे फक्त ज्यांना मला वाचवता आलं नाही तीच. म्हणून 'सगळं लिलीसाठीच' हे मला पटत नाही, सुरुवात तिच्यासाठी झाली असेल, पण पुढे त्याचं स्वतःचं काहीतरी तयार झालं. डम्बलडोर त्याला सांगतात की ड्रेको मॅल्फॉय या विद्यार्थ्याच्या हातून खून होऊन त्याच्या आत्म्याचे तुकडे नकोत, त्यापेक्षा तू मला मार, तेव्हा तो विचारतो, आणि माझ्या आत्म्याचं काय. ज्याला काही वाटतच नाही तो हा प्रश्न विचारत नाही.

पण थांबा, एवढ्यावर त्याला देवघरात बसवू नका. नेव्हिल बाकी आहे.

आमच्या गटात मी फळ्यावर दोन कप्पे करते, एकावर 'शूर', दुसऱ्यावर 'भला', आणि पोरांना म्हणते आता नावं लिहा. पहिली पाच मिनिटं धमाल असते, हॅग्रिड दोन्हीकडे, लॉकहार्ट कुठेच नाही, मॅगोनागल दोन्हीकडे. मग कोणीतरी स्नेप 'शूर'मध्ये लिहितं. मग कोणीतरी उठून 'भला'मध्येही लिहितं आणि तिसरं कोणीतरी ते पुसतं, आणि एकदा तर डस्टरवरून खरोखरची मारामारी झाली, दोघांच्या आयांना मला उत्तर द्यावं लागलं. पण या दोन कप्प्यांचाच सगळा मामला आहे. आपण शूर म्हटलं की भला गृहीत धरतो. कर्णाचं बघा की, त्याच्या दुःखाने आपण इतके विरघळतो की द्यूतसभेत तो द्रौपदीला काय बोलला ते सोयीने विसरतो. स्नेपचंही तसंच होतं.

तर नेव्हिल. तिसऱ्या पुस्तकाचं सातवं प्रकरण काढा. नेव्हिलचं औषध हिरवं व्हायच्या ऐवजी नारिंगी झालंय. स्नेप जाहीर करतो की तासाच्या शेवटी हे तुझ्याच बेडकाला पाजू, चुकलं असेल तर विषारी असेल. पोरगं थरथरायला लागतं. हर्मायनी हळूच ओठ न हलवता त्याला सांगत राहते, औषध ठीक होतं, बेडूक ट्रेव्हर मरत नाही, आणि मग हा महाभाग मदत केली म्हणून ग्रिफिंडोरचे ५ गुण कापतो. त्याच प्रकरणात पुढे बोगार्टचा तास आहे, कपाटात बसलेला हा प्राणी तू सगळ्यात जास्त कशाला घाबरतोस तेच होऊन समोर येतो. आता हे लक्षात घ्या की नेव्हिलच्या आईवडिलांना वोल्डेमॉर्टची साथीदार बेलाट्रिक्स आणि तिच्या टोळीने छळून छळून वेडं केलंय, ते सेंट मंगोज हॉस्पिटलमध्ये आहेत, पोराला ओळखतही नाहीत. अशा मुलाच्या कपाटातून बेलाट्रिक्स बाहेर पडायला हवी होती. बाहेर पडतो स्नेप, त्याचा मास्तर. माझ्या मते स्नेपबद्दल याहून कडक वाक्य अख्ख्या मालिकेत नाही, आणि ते लेखिकेने विनोदी प्रसंगात लपवलंय, आजीची गिधाडवाली टोपी घातलेला स्नेप बघून आपण हसत बसतो.

का वागतो तो असा? एक थिअरी तुमच्या मुलीने वाचली असेलच: नेव्हिलचा जन्म ३० जुलै, हॅरीचा ३१, भविष्यवाणी दोघांनाही लागू होत होती, वोल्डेमॉर्टने नेव्हिलला निवडलं असतं तर लिली जगली असती, म्हणून स्नेपचा राग. पुस्तकात हे कुठेही लिहिलेलं नाही. पण अगदी हवेतलंही नाही, कारण स्नेपने ऐकलेला अर्धा भाग नेमका तोच आहे, जुलैच्या शेवटी जन्म आणि तीनदा विरोध करणारे आईबाप. म्हणजे दोन उमेदवार होते हे त्याला कळू शकत होतं. मला तरी एवढं लांब जायची गरज वाटत नाही. लहानपणी घरात भांडणं, शाळेत छळ, आणि मग २१ व्या वर्षी हातात ३०-४० पोरं आणि त्यांच्यावर पूर्ण सत्ता. असे मास्तर मी बघितलेत, जादू येत नव्हती त्यांना एवढाच फरक. लिलीचा मुलगा म्हणून तो हॅरीला वाचवत राहिला हे खरं, पण समोरच्या बाकावर दुसऱ्या कोणाचा तरी मुलगा बसलाय, तोही तसाच अनाथासारखा, हे त्याला कधी दिसलंच नाही.

आणि आता त्या मुलाकडे बघा. पाचव्या पुस्तकात, तेविसाव्या प्रकरणात, नाताळात हॅरी आणि त्याचे मित्र, असे चौघं, चुकून सेंट मंगोजच्या बंद वॉर्डात पोचतात. नेव्हिल आजीबरोबर भेटायला आलाय. त्याची आई, केस पांढरे झालेली, चालत येते आणि त्याच्या हातात काहीतरी देते. च्युइंगमचं रिकामं रॅपर. आजी म्हणते टाकून दे, एव्हाना एवढी दिलीत की खोलीच्या भिंती मढवता येतील. तो मित्रांकडे बघतो, कोणी हसतंय का, आणि बाहेर पडताना हॅरीला दिसतं की त्याने रॅपर गुपचूप खिशात घातलं. झालं, एवढंच आहे. मी हे मोठ्याने वाचते तेव्हा गटात पंख्याचा आवाज ऐकू येतो. दादाला हे माहितीच नसणार, सिनेमात हा वॉर्डच नाही.

टोपीचा प्रश्न यालाच लागून आहे, म्हणजे नव्या मुलांना चारपैकी एका घरात टाकणारी ती जादूची टोपी. टोपी तुमचे गुण मोजत नाही, तुम्हाला काय व्हायचंय ते बघते आणि थोडं तुमचं ऐकतेही. हर्मायनीने ट्रेनमध्येच सांगून टाकलं होतं की मला ग्रिफिंडोर हवं, आणि पुढे ती सांगते की टोपीने रेव्हनक्लॉचा गंभीरपणे विचार केला होता. नेव्हिलचं उलटं, लेखिकेने नंतर लिहिलंय की तो हफलपफ मागत होता, ग्रिफिंडोर आपल्याला झेपणार नाही म्हणून, आणि टोपीने ऐकलं नाही. मग पहिल्या पुस्तकाच्या शेवटी काय होतं? घरांच्या गुणांत स्लिदरिन ४७२, ग्रिफिंडोर ३१२. रॉनला ५०, हर्मायनीला ५०, हॅरीला ६०, झाले ४७२, बरोबरी. आणि मग मित्रांच्या आडवं उभं राहिल्याबद्दल नेव्हिलला १०. ही बेरीज पोरांना मी करायला लावतेच. कप तीन हिरोंनी नाही जिंकला, तो त्या १० गुणांनी जिंकला. मग पीटर पेटिग्रू ग्रिफिंडोरमध्ये कसा, तर टोपी ११ वर्षांच्या पोराला बघते हो, २१ चा झाल्यावर तो कोणाला विकेल हे तिला काय माहीत. डम्बलडोर तर एकदा स्नेपलाच म्हणतात की आपण मुलांची वाटणी जरा लवकरच करतो की काय. स्नेपचा चेहरा त्यावर पडतो.

नकाशाचं झटपट सांगते कारण यात फार काही नाही. हा नकाशा किल्ल्यातल्या प्रत्येकाचा ठिपका नावासकट दाखवतो, आणि पीटर रॉनचा पाळीव उंदीर बनून लपला होता. अख्खा किल्ला, सात मजले, शेकडो ठिपके, आणि फ्रेड-जॉर्ज बघणार काय तर फिल्च कुठाय, त्याची मांजर कुठाय, आपला रस्ता मोकळा आहे का. स्वतःच्या भावांच्या खोलीत कोण झोपलंय हे कोण कशाला बघेल. शिवाय हॅरी यायच्या आधी तो उंदीर पर्सीकडे होता, पर्सीच्या खोलीत डोकावायची तर त्यांना अजिबातच हौस नसणार. गोंधळ वाढवला सिनेमाने, तिथे रात्री हॅरीलाच नकाशावर पीटर दिसतो, मग साहजिकच वाटतं की याला दिसला तर त्यांना का नाही. पुस्तकात तो फक्त ल्युपिन या मास्तरला दिसतो, आणि त्याला दिसतो कारण त्या संध्याकाळी तो मुद्दाम हॅरी, रॉन आणि हर्मायनी या तिघांवरच लक्ष ठेवून बसलाय, आणि ते नाव कोणाचं हेही त्याला माहिती आहे, नकाशा बनवणाऱ्या चौघांतलाच तो.

ड्रेकोबद्दल तुम्ही विचारलं नाहीत पण मुलगी विचारेल. तो चांगला नव्हता, तो घाबरलेला होता, आणि घाबरलेल्या माणसाने ऐनवेळी कांडी खाली केली त्याचं श्रेय त्याला द्यावं. त्याहून जास्त नको.

राहिलं नाव. ॲल्बस सेव्हेरस. नेव्हिलचं किंवा हॅग्रिडचं नाव का नाही यावर आमच्याकडे दर वर्षी मोर्चा निघतो. एक तर ते दोघं जिवंत आहेत, जेम्स, लिली, ॲल्बस, सेव्हेरस ही सगळी गेलेल्यांची नावं आहेत, आपल्याकडे पणजोबांचं नाव ठेवतात तसं. पण महत्त्वाचं म्हणजे हॅरी प्लॅटफॉर्मवर वाकून पोराला जे सांगतो त्यातला शब्द बघायला लावा. तो म्हणतो मला माहीत असलेल्या माणसांतला बहुधा सगळ्यात शूर. भला म्हणत नाही, चांगला मास्तर म्हणत नाही, त्याने मला जीव लावला असंही म्हणत नाही. हॅरीने फळ्यावरच्या एकाच कप्प्यात नाव लिहिलंय. मी असते तर नसतं दिलं ते नाव, सरळ सांगते, पण मला स्नेपने वाचवलेलं नाही आणि छळलेलंही नाही.

आणि दादाला पुस्तकाकडे ओढायचं असेल तर अख्खी सात पुस्तकं समोर टाकू नका, पळून जाईल. इंग्रजी जड जात असेल तर मराठीत आहेतच, 'हॅरी पॉटर आणि परीस' पासून पुढची. सिनेमे बघून झालेत म्हणजे गोष्ट त्याला माहितीच आहे, त्यामुळे तिसऱ्याचं सातवं, पाचव्याचं तेविसावं आणि अठ्ठाविसावं, आणि मग सातव्याचं तेहतिसावं, एवढी चार प्रकरणं याच क्रमाने द्या. क्रम मोडू नका, तेहतिसावं आधी वाचलं की पोरं रडतात आणि मग बेडकाचं काही वाटेनासं होतं.